कोरोनरी अँजिओग्राफी

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांमध्ये (धमन्यांमध्ये) क्ष-किरण अडवणारे द्रव्य सोडून त्यांचे चलचित्र घेण्याची तपासणी. ग्रांथिक मराठीत हिला हृद्‌रोहिणी-चित्रण म्हणता येईल. बोलताना मात्र ‘अँजिओग्राफी’ किंवा नुसते ‘अँजिओ’ हेच रूढ आहे. ‘अँजिओप्लास्टी’शी तिची नेहमी गल्लत होते. अँजिओग्राफीत रोहिणी पाहतात. अरुंद झालेली जागा फुग्याने रुंद करून तिथे स्टेंट (मार्ग उघडा ठेवणारी जाळीदार नळी) बसवणे ही अँजिओप्लास्टी. दोन्ही एकाच टेबलावर, पुष्कळदा एकाच बैठकीत होतात, तेव्हा घरच्यांचा घोळ झाला तर नवल नाही.

रक्त आणि स्नायू क्ष-किरण जवळपास सारखेच शोषतात, म्हणून साध्या एक्स-रेमध्ये हृदयाची सावली दिसते पण तिच्यावरच्या रोहिण्या दिसत नाहीत. आयोडीन क्ष-किरण चांगले अडवते. त्याचे संयुग असलेले द्रव्य रोहिणीत सोडले की काही क्षण तिचा आतला पोकळ मार्ग पडद्यावर गडद उमटतो. या द्रव्याला सगळे ‘डाय’ म्हणतात, पण त्यात रंग असा काही नसतो. ते पाण्यासारखे स्वच्छ असते.

तपासणी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अशा नळ्या घालण्याच्या खास खोलीत, होते. रुग्ण जागा असतो. मनगटाची किंवा जांघेची जागा तेवढी बधिर करतात. तिथल्या रोहिणीतून साधारण २ मिलिमीटर जाडीची लवचीक नळी महारोहिणीपर्यंत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीपर्यंत) सरकवतात आणि तिचे टोक डाव्या, मग उजव्या हृद्‌रोहिणीच्या मुखाशी टेकवतात. दर वेळी काही मिलिलीटर डाय सोडून वेगवेगळ्या कोनांतून चित्रण करतात. एका कोनातून निर्धोक दिसणारी जागा दुसऱ्या कोनातून चिंचोळी निघू शकते, म्हणून हा खटाटोप. डायची ॲलर्जी आणि अधू मूत्रपिंडे यांची चौकशी आधी करावी लागते. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, रोहिणीला इजा हे गंभीर धोके विरळा, पण शून्य नाहीत.

या तपासणीमागे हट्ट आणि अपघात दोन्ही आहेत. जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान याने १९२९ मध्ये वरिष्ठांचा नकार डावलून स्वतःच्याच हाताच्या शिरेतून मूत्रमार्गासाठीची नळी ६५ सेंटिमीटर आत सरकवली, तशाच अवस्थेत तो एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला आणि नळी हृदयात पोहोचल्याचे चित्र घेतले. कौतुकाऐवजी टीकाच वाट्याला आली. पुढे तो मूत्ररोगांकडे वळला. १९५६ चे नोबेल त्याला आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासोबत मिळाले. दरम्यान लिस्बनच्या एगास मोनीज यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रोहिण्यांचे चित्रण साधले होते (त्यांचे १९४९ चे नोबेल मात्र मेंदूवरच्या एका शस्त्रक्रियेसाठी होते, जी आज कुणी करू धजणार नाही). सुईतून तार, तारेवरून नळी ही स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांची १९५३ ची युक्ती दिसायला क्षुल्लक. पण रोहिणी कापून उघडी न करता आत शिरण्याची वाट तिनेच मोकळी केली.

तरीही थेट हृद्‌रोहिणीत डाय सोडायला कुणी धजत नव्हते. तेवढ्या भागाला प्राणवायू मिळणार नाही, हृदय बेताल फडफडू लागेल आणि रुग्ण दगावेल, असा पक्का समज होता. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे बालहृदयरोगतज्ज्ञ एका २६ वर्षांच्या रुग्णाच्या महारोहिणीचे चित्रण करत होते. डाय सोडताना नळीचे टोक उसळून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि मोठी मात्रा थेट तिच्यात गेली. हृदय थांबले. टेबलाखालच्या खड्ड्यात बसून पडदा पाहणारे सोन्स बाहेर झेपावले. छाती उघडायची तयारी सुरू झाली. पण ईसीजीवर फडफड नव्हती, सरळ रेघ होती. सोन्सनी रुग्णाला खोकायला सांगितले. तीन-चार उबळींनी डाय पुढे ढकलला गेला आणि ठोके परतले. एवढी मात्रा सोसली जाते, तर थोडी का नाही, हा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि निवडक रोहिणीचे चित्रण हेतुपुरस्सर सुरू झाले. त्याच संस्थेत १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी बायपास शस्त्रक्रियेला आकार दिला. कुठे अडले आहे हे दिसल्याशिवाय वळणरस्ता कुठून काढणार? १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृद्‌रोहिणीत फुगा फुगवला, तोही याच वाटेने जाऊन. मनगटातून चित्रण करण्याची पद्धत १९८९ मध्ये माँट्रियलच्या ल्युसियन कांपो यांनी मांडली. त्यामुळे जांघेवर वजन ठेवून तासन्‌तास उताणे पडून राहणे पुष्कळांचे टळले.

‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ हा शब्दप्रयोग जपून ऐकावा. ही टक्केवारी सहसा व्यासाची असते आणि बऱ्याचदा नजरेच्या अंदाजाची. व्यास निम्मा झाला की वर्तुळाकार मार्गाचे क्षेत्रफळ चौथाईवर येते. शिवाय अँजिओत भिंत दिसत नाही. दिसते ती फक्त पोकळी. भिंतीत चरबीचा थर साठू लागला की रोहिणी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि पोकळी बराच काळ तशीच राहते, हे सिमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवले. म्हणूनच ‘अँजिओ नॉर्मल’ म्हणजे रोहिणी निरोगी, असे ठामपणे म्हणता येत नाही. भिंत पाहायची तर रोहिणीच्या आतूनच सोनोग्राफी करतात, किंवा प्रकाशलहरींनी चित्र घेणारी ओसीटी वापरतात. अडथळ्याने प्रवाह खरोखर किती घटतो हे पाहायला दाबमापक तार अडथळ्यापलीकडे नेतात. रोहिण्या औषधाने सैलावल्यावर पलीकडचा दाब महारोहिणीतल्या दाबाच्या ०.८० पट किंवा कमी असेल, तर अडथळा महत्त्वाचा मानतात.

नळी न घालता होणारी सीटी अँजिओग्राफी शिरेतून डाय देऊन करतात. हृदय हलत असल्याने नाडी मिनिटाला साठीच्या आसपास आणावी लागते, त्यासाठी गोळी देतात. छातीत दुखते पण रोगाची शक्यता बेताची आहे, अशांना ती विशेष उपयोगी. रोहिण्या स्वच्छ दिसल्या तर कॅथलॅबची पायरी चढावी लागत नाही. भिंतीत कॅल्शियम दाट साचले असेल, तर मात्र ते सीटीत आहे त्याहून मोठे चमकते आणि शेजारची पोकळी झाकते. अशा रुग्णांना बहुधा नळीच्याच तपासणीकडे पाठवावे लागते.