सेफगार्ड्स सपोर्ट प्रोग्राम : अण्वस्त्रधारी देशांची मदत

सेफगार्ड्स सपोर्ट प्रोग्राम म्हणजे व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला (आयएईए, या क्षेत्रातले लोक नुसतं 'एजन्सी' म्हणतात) अणुसामग्रीच्या तपासणीसाठी लागणारी यंत्रं, प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि ट्रेनिंग सदस्य देशांनी आपणहून पुरवायची पद्धत. असे प्रोग्राम चालवणारे देश आज २० च्या वर आहेत, त्यात जर्मनी, जपान, कॅनडा, स्वीडन असे बॉम्ब नसलेलेही बरेच आहेत, पण इथे मुख्यतः अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीनबद्दल लिहिलंय, कारण त्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांची स्वतःची तपासणी अगदी नावापुरती होते, आणि बाकीच्यांची कशी करायची हे इन्स्पेक्टरांना शिकवतात तेच. ऐकायला विचित्र वाटतं, पण खोलात गेलं की कळतं की त्यातला बराचसा भाग दुसऱ्या कुणाला शिकवता येणारच नाही.

सेफगार्ड्स म्हणजे नेमकं काय

सोपं सांगायचं तर हिशेब तपासणी. देशाने सांगायचं की आमच्याकडे इतकं युरेनियम, इतकं प्लुटोनियम अमुक ठिकाणी आहे, आणि एजन्सीच्या माणसांनी जाऊन बघायचं की खरंच तेवढं आहे का, मधल्यामधे काही काढलंय का, न सांगता कुठे दुसरंच काही चाललंय का. किती माल कमी भरला की धोका समजायचा याचे आकडे ठरलेले आहेत, प्लुटोनियम असेल तर ८ किलो आणि हाय एन्रिच्ड युरेनियम (म्हणजे खूप समृद्ध, युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं) असेल तर त्यातलं युरेनियम-२३५ २५ किलो. एवढा माल गायब झाला तर एक बॉम्ब होऊ शकतो असं धरून चालतात. भट्टीत न वापरलेलं प्लुटोनियम असेल तर साधारण महिन्याभरात ते वळवल्याचा सुगावा लागला पाहिजे, असाही दंडक आहे.

अण्वस्त्र प्रसारबंदी करार म्हणजे एनपीटी १९७० ला लागू झाला, त्यात बॉम्ब नसलेल्या देशांनी आपली सगळी अणुसामग्री तपासणीला खुली करायची असं ठरलं. बॉम्बवाल्या पाच देशांवर असं बंधन नाही. यावरून जर्मनी, जपानसारखे देश कुरकुरत होते, की आमच्या उद्योगात परके लोक फिरणार, खर्च आम्हाला आणि यांना काहीच नाही. म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जाहीर केलं की आम्हीही आमचे नागरी प्रकल्प तपासणीला देऊ. त्यातून 'व्हॉलंटरी ऑफर' करार आले, ब्रिटनचा १९७८ मध्ये लागू झाला, अमेरिकेचा १९८०, फ्रान्सचा १९८१, सोव्हिएत संघाचा १९८५ आणि चीनचा १९८९. पण ही यादी देश स्वतः देतो, आणि त्यातले मोजकेच प्रकल्प एजन्सी निवडते कारण पैसे आणि माणसं जिथे खरी गरज आहे तिथे लावायची असतात. बॉम्ब आधीच असलेल्या देशात बॉम्बसाठी माल वळवला जातोय का हे शोधण्यात एजन्सीला तसाही फारसा अर्थ दिसत नाही.

प्रोग्राम कसे सुरू झाले

१९७० च्या दशकाच्या मध्यावर पश्चिम जर्मनी (१९७५) आणि जपान (१९७६) एनपीटीत आले आणि एजन्सीचं काम एकदम वाढलं. मोठमोठे अणुउद्योग तपासायचे होते आणि हातात होती जेमतेम यंत्रं. तेव्हा १९७७ मध्ये अमेरिकेने आपला प्रोग्राम सुरू केला, तो पोटास या नावाने ओळखला जातो, आणि त्याचा रोजचा कारभार न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन नॅशनल लॅबोरेटरीतल्या एका छोट्या ऑफिसातून चालतो. मग बाकीचे देश एकेक करून आले. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००३ पर्यंत एजन्सीचं नेहमीचं बजेट वाढवायचंच नाही असं धोरण चाललं, त्यामुळे या मदतीशिवाय नवीन यंत्र बनवणं एजन्सीला परवडणारंच नव्हतं.

रोख पैसा सरसकट देऊन टाकायचा असा हा प्रकार नाही. एजन्सी एक फॉर्म भरून पाठवते, की आम्हाला अमुक अडचण आहे, अमुक यंत्र किंवा अमुक माणूस पाहिजे, मग एखादा देश ते काम उचलतो, आपल्या लॅबला देतो आणि खर्च स्वतः करतो. माणसंही देतात, 'कॉस्ट-फ्री एक्स्पर्ट' म्हणून, म्हणजे तज्ज्ञ बसणार व्हिएन्नात, पण त्याचा खर्च उचलणार त्याचं सरकार. यात एक गोम आहेच, ज्या कामाला पैसे देणारा देश मिळतो ते पुढे सरकतं, बाकीची कामं मागे राहू शकतात, आणि या खेळात सुरुवातीपासून सगळ्यात मोठा हात अमेरिकेचा.

बॉम्बमधला गॅस तपासणीच्या यंत्रात

डब्यात बंद असलेलं प्लुटोनियम न उघडता कसं मोजायचं, हा सेफगार्ड्समधला जुना प्रश्न. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला, जिथे पहिला बॉम्ब बनला तिथेच, तिथले शास्त्रज्ञ रॉबर्ट कीपिन यांच्या पुढाकाराने १९६६ पासून यावर काम सुरू झालं. प्लुटोनियम-२४० आपोआप फुटत असतं, एका ग्रॅममधून सेकंदाला साधारण १००० न्यूट्रॉन बाहेर पडतात, आणि ते एकेकटे न येता एका फुटण्यातून दोन-तीन असे जोडीने येतात. ऑक्साइडमधून वगैरे येणारे इतर न्यूट्रॉन मात्र सुटे असतात. म्हणून यंत्र जोड्या मोजतं, सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात दोन न्यूट्रॉन लागोपाठ पकडले तर ती बहुतेक जोडी. लॉस अलामॉसला तयार झालेला 'हाय लेव्हल न्यूट्रॉन कॉइन्सिडन्स काउंटर' दिसायला एखाद्या जाड भिंतीच्या पिंपासारखा असतो, मधल्या पोकळीत डबा ठेवायचा आणि भोवती पॉलिथिनमध्ये १८ नळ्या उभ्या बसवलेल्या.

त्या नळ्यांत हीलियम-३ गॅस भरलेला असतो, कारण न्यूट्रॉन पकडण्यात त्याचा हात धरणारं फार काही नाही. आणि हा हीलियम-३ येतो कुठून, तर बॉम्बमधून. अण्वस्त्रांमध्ये ट्रिटियम वापरतात, त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आहे, ते क्षय पावून हीलियम-३ होतं, आणि अमेरिका-रशिया आपला ट्रिटियमचा साठा वेळोवेळी शुद्ध करतात तेव्हा हा गॅस बाजूला निघतो. म्हणजे दुसऱ्याच्या प्लुटोनियमवर नजर ठेवणारी नळी भरायची तर आधी कुणाकडे तरी बॉम्बचा कारखाना असावा लागतो! शीतयुद्ध संपल्यावर अण्वस्त्रं कमी झाली तसा ट्रिटियमही कमी झाला, वर २००१ नंतर अमेरिकेने सीमांवर आणि बंदरांवर किरणोत्सार शोधणारी दारं लावली, त्यात हा गॅस भरपूर गेला आणि २००८-०९ च्या सुमारास एकदम टंचाई झाली. मग बोरॉनचा थर दिलेल्या नळ्या वगैरे पर्याय शोधायला पैसा लागला, तोही बराचसा याच देशांनी घातला.

नुसते न्यूट्रॉन मोजून भागत नाही, प्लुटोनियममध्ये २३९ किती, २४० किती हे गॅमा किरणांच्या स्पेक्ट्रमवरून काढावं लागतं, त्यासाठीची सॉफ्टवेअरंही बॉम्बवाल्या लॅबमधूनच आली, लिव्हरमोरचं एमजीए आणि लॉस अलामॉसचं फ्रॅम.

ट्रेनिंग

इथे मुद्दा जास्त स्पष्ट होतो. यंत्र विकत घेता येतं, पण ते खऱ्या मालावर वापरून बघायला खरा माल लागतो, आणि प्लुटोनियमचे वेगवेगळ्या वजनाचे, वेगवेगळ्या मिश्रणाचे नमुने क्लासरूमच्या शेजारी ठेवायची सोय बॉम्ब नसलेल्या बहुतेक देशांत नाही. १९८० पासून एजन्सीचा प्रत्येक इन्स्पेक्टर लॉस अलामॉसला जाऊन हे मोजमाप शिकून येतो. लेक्चर असतात, पण खरी गंमत प्रॅक्टिकलमध्ये, डब्यात काय आहे ते शिकणाऱ्याने मोजून काढायचं आणि मग जाहीर केलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. काउंटरजवळ दुसरा डबा राहून गेला तर आकडा फुगतो, शिशाचं आवरण असेल तर गॅमा दबतात पण न्यूट्रॉन आरामात पार होतात, असल्या गोष्टी वाचून डोक्यात राहत नाहीत, एकदा स्वतःचं उत्तर चुकलं की मात्र कायमच्या राहतात.

रशियात हे काम मुख्यतः ओबनिन्स्कला आहे, जिथे १९५४ मध्ये ग्रिडला वीज देणारी जगातली पहिली अणुभट्टी चालू झाली. तिथल्या प्रयोगासाठीच्या भट्टीत प्लुटोनियम आणि युरेनियमच्या हजारो छोट्या चकत्या वापरतात, खिशात सहज मावतील एवढ्या, त्यामुळे हिशेब ठेवायचं शिक्षण द्यायला याहून अवघड (आणि म्हणून चांगली) जागा मिळणं कठीण. १९९० च्या दशकात अमेरिका आणि युरोपच्या मदतीने तिथे ट्रेनिंग सेंटर उभं राहिलं, तेव्हा सोव्हिएत संघ फुटल्यावर माल इकडेतिकडे जाईल ही भीती खरीच होती. चीनमध्ये अमेरिकेच्या सहकार्याने बांधलेलं अणुसुरक्षेचं मोठं केंद्र मार्च २०१६ मध्ये बीजिंगला सुरू झालं, पण तिथला भर सेफगार्ड्सपेक्षा मालाच्या राखणीवर जास्त आहे, या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात. राखण चोरापासून करायची असते, सेफगार्ड्स खुद्द त्या देशाच्या सरकारवर नजर ठेवायला असतात.

गुपितं सांभाळून तपासणी

युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रीफ्यूजच्या (म्हणजे वेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या) हॉलमध्ये इन्स्पेक्टरला सोडायचं की नाही यावर खूप घोळ होता, कारण आत गेलं तर यंत्राचं डिझाइन दिसणार आणि न गेलं तर आत काय समृद्ध होतंय ते कळणार नाही. १९८० ते १९८३ मध्ये हेक्सापार्टाइट प्रकल्पात अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांनी एजन्सी आणि युरॅटमबरोबर (युरोपची अणुऊर्जा संघटना) बसून तोडगा काढला, की इन्स्पेक्टर मोजक्याच वेळा पण न सांगता येतील आणि त्यांना लगेच आत सोडायचं. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं करणाऱ्या प्लांटसाठी त्याच सुमारास जपानच्या तोकाईमध्ये टास्टेक्स नावाचं काम झालं, त्यात अमेरिका आणि फ्रान्स होते, आणि चालत्या प्लांटमध्ये यंत्रं लावून बघितली गेली.

उलटी अडचण १९९६ मध्ये आली. अमेरिका, रशिया आणि एजन्सी यांनी मिळून ठरवलं की बॉम्बमधून काढलेलं जादा प्लुटोनियम एजन्सीने तपासावं, पण त्याचा आकार आणि मिश्रण हे दोन्ही गुपित. मग 'इन्फर्मेशन बॅरियर'ची कल्पना आली, यंत्र आतमध्ये सगळं मोजणार पण बाहेर फक्त हिरवा किंवा लाल दिवा दाखवणार. आता इन्स्पेक्टरने त्या दिव्यावर विश्वास का ठेवावा, ते यंत्र बनवलंय कुणी? २००२ पर्यंत यावर काम चाललं, तंत्र बऱ्यापैकी जमलं, करार काही अमलात आला नाही.

हाच विश्वासाचा प्रश्न साध्या सीलपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळीकडे आहे. जुनं धातूचं सील बघितलं तर मोठ्या बटणाएवढं, त्याच्या आतल्या बाजूला ओरखडे काढून लावण्याआधी फोटो घेऊन ठेवायचे, आणि काढून व्हिएन्नाला आणलं की फोटोशी जुळवायचे. फायबर ऑप्टिकचं कोब्रा सील अमेरिकेच्या सँडिया लॅबमधलं. आजचे कॅमेरे चित्र काढल्या काढल्या त्याच्यावर डिजिटल सही मारतात, म्हणजे मधे कुणी, अगदी कॅमेरा बनवणाऱ्या देशानेही, बदल केला तर कळावं.

प्रयोगशाळा

१९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकचा लपवलेला कार्यक्रम सापडला आणि लक्षात आलं की जाहीर केलेला माल मोजून भागत नाही. तेव्हापासून पुसून घेतलेले नमुने महत्त्वाचे झाले, १० सेंटिमीटर चौरस सुती कापड, भिंतीवर, टेबलावर, व्हॉल्व्हवर फिरवायचं आणि दोन पिशव्यांत बंद करायचं. त्यावर मायक्रॉनएवढा युरेनियमचा कण असला तरी तो किती समृद्ध होता हे काढता येतं. नमुने ऑस्ट्रियातल्या सायबर्सडॉर्फच्या लॅबला जातात आणि तिथून सांकेतिक नंबर लावून निरनिराळ्या देशांच्या लॅबना, देशाचं नाव न सांगता. यात फ्रान्सची ब्रुयेर-ल-शातेलची, ब्रिटनची ऑल्डरमॅस्टनची, रशियाची मॉस्कोतली, अमेरिकेच्या अनेक, म्हणजे यातल्या काही लॅब अण्वस्त्रांच्याच कामासाठी बांधलेल्या. सायबर्सडॉर्फला २०११ मध्ये बसवलेला मोठा मास स्पेक्ट्रोमीटर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) कामेका या फ्रेंच कंपनीचा आहे.

उत्तर कोरियाने १९९२ मध्ये सांगितलं की आम्ही प्लुटोनियम एकदाच वेगळं केलंय. प्लुटोनियमपासून हळूहळू अमेरिशियम तयार होतं, नमुन्यांतल्या त्याच्या प्रमाणावरून ते वेगळं केल्याची तारीख काढता आली आणि हे काम एकापेक्षा जास्त वेळा झाल्याचं दिसलं. फेब्रुवारी १९९३ मध्ये एजन्सीच्या बोर्डाला अमेरिकी उपग्रहांचे फोटो दाखवले गेले, लपवलेल्या कचऱ्याच्या जागांचे. तिथून वाद पेटला, की मदत कुठे संपते आणि हेरगिरी कुठे सुरू होते. सपोर्ट प्रोग्राममधली यंत्रं आणि ट्रेनिंग ही कागदावर नोंदलेली असतात, गुप्तचरांची माहिती हा वेगळा रस्ता आहे, पण देणारा देश तोच असल्यावर घेणाऱ्याला संशय येणारच.

करारात नसलेले

भारत, पाकिस्तान आणि इस्रायल एनपीटीत नाहीत, त्यांच्याकडे ठरावीक प्रकल्पांपुरतेच सेफगार्ड्स आहेत. भारताचा नागरी अणुभट्ट्यांसाठीचा करार २००९ चा आहे आणि त्यावरचा पूरक प्रोटोकॉल (एजन्सीला जास्तीची माहिती द्यायचा करार) २०१४ मध्ये लागू झाला. २०१० च्या वॉशिंग्टन परिषदेत जाहीर केलेलं ग्लोबल सेंटर फॉर न्यूक्लिअर एनर्जी पार्टनरशिप हरियाणात बहादूरगडजवळ आहे, तिथे एजन्सीबरोबर परदेशी लोकांसाठीही कोर्स होतात. ब्रिटन एनपीटीत आहे, पण त्याला युरॅटममधून बाहेर पडल्यावर एजन्सीशी सगळे करार नव्याने करावे लागले, ते ३१ डिसेंबर २०२० पासून लागू आहेत, आणि आधी युरोपचे इन्स्पेक्टर करायचे ते घरचं काम आता तिथल्या अणु नियामकाकडे आलं, त्यासाठी माणसं नव्याने भरून शिकवावी लागली.

माणसांची चणचण अमेरिकेलाही आहे. १९७०-८० मध्ये आलेली पिढी निवृत्त होत गेली आणि तरुणांना यात करिअर दिसेना, म्हणून २००८ मध्ये तिथल्या नॅशनल न्यूक्लिअर सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनने नेक्स्ट जनरेशन सेफगार्ड्स इनिशिएटिव्ह काढला, त्यात नवीन डिटेक्टरइतकाच भर विद्यापीठांतले कोर्स आणि लॅबमधल्या उन्हाळी इंटर्नशिपवर होता.