मार्फत: राउटर

हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप उघडला की दोन-तीन सेकंदांत वायफाय लागतं. तेवढ्या वेळात लॅपटॉपने एक अवघड काम उरकलेलं असतं: स्वतःला पत्ता नसताना, आणि पत्ते वाटणारा कुठे बसलाय हे ठाऊक नसताना, आयपी पत्ता (नेटवर्कवरची आपली आकडी ओळख) मिळवायचा.

पत्ते वाटणारा म्हणजे डीएचसीपी सर्व्हर. लॅपटॉप त्याला चक्क हाळी देतो. संदेशावर पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘जो कोणी ऐकत असेल त्याला’. घरी बहुधा राउटरच सर्व्हर असतो, त्यामुळे हाळी लगेच ऐकू जाते. कॉलेजात मात्र हॉस्टेल, ग्रंथालय, कार्यालय असे वेगवेगळे सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग) असतात आणि हाळी राउटरच्या वेशीवरच थांबते. थांबायलाच हवी, नाहीतर प्रत्येक यंत्राची ओरड साऱ्या कॅम्पसभर घुमेल. पण सर्व्हर तर वेशीपलीकडे, संगणक केंद्रात!

यावरचा तोडगा डीएचसीपीहूनही जुना आहे. १९८५च्या बूटपी या पत्ते वाटण्याच्या पद्धतीत तो होता, १९९३मध्ये आलेल्या डीएचसीपीने तो तसाच उचलला. राउटर ‘रिले एजंट’ होतो. हाळी ऐकून तो ती थेट सर्व्हरच्या नावे धाडतो. त्याआधी संदेशातल्या चार बाइटच्या एका रकान्यात, हाळी ज्या बाजूने आली त्या बाजूचा स्वतःचा पत्ता लिहितो, समजा १०.२०.३.१. पूर्वी पाकिटावर ‘मार्फत’ म्हणून घरमालकाचं नाव लिहीत, तसंच हे. सर्व्हरला हॉस्टेल दिसत नाही, दिसते ती एवढी मार्फतची ओळ. तीवरून तो त्या सबनेटचा पूल (नदीवरचा नव्हे, पत्त्यांचा साठा) शोधतो, मोकळा पत्ता काढतो आणि उत्तर १०.२०.३.१लाच पाठवतो. पुढे ते लॅपटॉपपर्यंत पोचवायचं काम राउटरचं.

लॅपटॉप मग ‘हाच घेतो’ असं पुन्हा हाळी देऊनच सांगतो, कारण दुसऱ्या एखाद्या सर्व्हरनेही पत्ता देऊ केला असेल तर त्यालाही कळायला हवं. सर्व्हरने होकार दिला की पत्ता ठरावीक मुदतीसाठी लॅपटॉपचा.

मार्फतच्या ओळीशी जुळणारा पूलच नसेल, तर सर्व्हर गप्प बसतो. अशा वेळी लॅपटॉप बहुधा १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. तो दिसला की वायफायचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही, अडलंय ते पत्त्यापाशी.

खरी गंमत नूतनीकरणाची. अर्धी मुदत सरली की लॅपटॉप मुदत वाढवून घ्यायला सर्व्हरशी थेट बोलतो, ‘मार्फत’च्या ओळीशिवाय; राउटर तो संदेश नुसता पुढे सरकवतो. मधल्या फायरवॉलने (नको ते संदेश अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) फक्त रिलेलाच वाट ठेवली असेल, तर नवा पत्ता झटकन मिळतो पण जुन्याची मुदत वाढत नाही. ८७.५ टक्के मुदत संपल्यावर लॅपटॉप पुन्हा हाळी देतो, ती राउटर ऐकतो आणि काम होऊन जातं. त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

तोच लॅपटॉप ग्रंथालयात नेला, तर तो बऱ्याचदा आधी हॉस्टेलचाच पत्ता मागतो. सर्व्हर मार्फतची ओळ बघतो, ती १०.२०.५.१ असते, आणि साफ नकार देतो. मग पुन्हा पहिल्यापासून हाळी.