जुन्या एलपीजी गाडीचं मिसिंग

कार्बोरेटरवाल्या पेट्रोल गाडीला मागाहून एलपीजी किट बसवलेलं असतं आणि काही वर्षांनी ती आयडलला (रेस न देता उभी असताना) थरथरायला लागते, रेस दिली की अडखळते, चढाला झटके मारते, ही मिसिंगची, म्हणजे एखादा सिलेंडर नीट न पेटण्याची तक्रार तशी फार कॉमन आहे. मारुती ८०० आणि ओम्नी यांच्यात ती चटकन जाणवते, कारण दोन्हीत ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, म्हणजे एक सिलेंडर पेटला नाही की ताकद सरळ एक तृतीयांश कमी, आणि ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखालीच असल्याने मेकॅनिकच्या आधी ड्रायव्हरच्या बुडाला कळतं. भारतात गाडीत एलपीजी वापरायला कायद्याने परवानगी मिळाली २००० साली, त्याआधी घरगुती गॅस सिलेंडर लावून गाड्या पळायच्या, तो प्रकार तेव्हाही बेकायदा होता आणि आजही आहे.

अशी गाडी आली की लोक लगेच किटवाल्याकडे धावतात आणि तो पाना घेऊन स्क्रू पिळतो, इथेच घोळ सुरू होतो. पहिलं काम एकच, गाडी गरम करून पेट्रोलवर टाकायची. पेट्रोलवरही मिसिंग असेल तर गॅसला शिव्या देऊन उपयोग नाही, दोष इंजिनात किंवा करंटमध्ये (प्लगला ठिणगी देणाऱ्या विजेत) आहे. पण फक्त गॅसवरच मिसिंग असेल तरी किटच खराब असं लगेच धरायचं नाही, कारण एलपीजी आणि हवेचं मिश्रण पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे कमजोर झालेली प्लगची वायर, आतून चरा पडलेली डिस्ट्रिब्युटर कॅप (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाचं झाकण), त्यातला झिजलेला रोटर, हे सगळं पेट्रोलवर चालून जातं आणि गॅसवर लगेच उघडं पडतं. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर हलकासा पाण्याचा फवारा मारला की फुटलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या उडताना स्पष्ट दिसतात (हात लांब ठेवा, आणि गॅसचा वास येत असेल तर हा प्रयोग अजिबात नको). प्लगचा गॅप कंपनीच्या मापापेक्षा थोडा कमीच ठेवतात. पॉइंटवाली (करंट जोडतोड करणारे धातूचे पॉइंट असलेली जुनी) गाडी असेल तर पॉइंट आणि कंडेन्सरही बघायचे. करंट कमजोर आणि त्यात मिश्रण लीन (गॅस कमी, हवा जास्त) असेल तर बॅकफायर होतो, म्हणजे मिश्रण उलट्या बाजूला पेटतं, आणि मिक्सरपासून (गॅस हवेत मिसळतो तो भाग) मॅनिफोल्डपर्यंत (मिश्रण सिलेंडरांत नेणारे पाइप) गॅस भरलेलाच असतो त्यामुळे एअर फिल्टरचा डबा उडाल्याच्या केसेस काही नवीन नाहीत.

करंट ठीक असेल तर मग किट. टाकीतून गॅस लिक्विड स्वरूपात येतो आणि रिड्यूसरमध्ये त्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता रेडिएटरच्या गरम पाण्यातून मिळते. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, त्यामुळे पाणी कमी असेल, एअरलॉक झाला असेल किंवा हीटरचा पाइप चोक असेल तर रिड्यूसरवर चक्क पांढरं बर्फ धरतं आणि गाडी पाच-दहा मिनिटांत बसायला लागते. आपल्याकडे इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे अडवणारा व्हॉल्व) काढून टाकायची जी सवय आहे तिचा इथे उलटा फटका बसतो, थंडीत सकाळी पाणी तापतच नाही आणि गॅस नीट उडत नाही. रिड्यूसरच्या तळाला ड्रेन प्लग असतो. तो गॅसचा नळ बंद करून, मोकळ्या हवेत, लाइनमधला गॅस संपवून उघडला की काळपट, तेलकट, भयानक वासाचं पाणी निघतं, कारण गॅसमधला जड भाग तिथे साठतो. ते साचलं की रिड्यूसरमधला डायफ्रॅम (रबरी पडदा) कडक होतो आणि आयडल वर-खाली होत राहतं. अशा वेळी डायफ्रॅमचं रिपेअर किट टाकलेलं बरं, नुसतं धुऊन फार दिवस भागत नाही.

गाडी आयडलला बरी पण स्पीडला मरत असेल तर गॅसचा फिल्टर चोक आहे का बघा. टाकीचा नळ झटक्यात उघडला तर आतला एक्सेस फ्लो व्हॉल्व (गॅस फार जोरात वाहिला की अडवणारा) बंद होतो आणि गाडी थोडी चालून थांबते, तेव्हा नळ बंद करून परत हळूच उघडायचा, बस्स.

एअर फिल्टर मळका असेल तर मिक्सरवाल्या किटमध्ये मिश्रण रिच (गॅस जास्त, हवा कमी) होतं, म्हणून फिल्टर बदलल्याशिवाय ट्युनिंगला हात लावू नये. उलट मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा एखादा व्हॅक्युम पाइप लीक असेल तर आयडल लीन होतं. हे सगळं झाल्यावरच पॉवर स्क्रू, म्हणजे मिक्सरकडे जाणारा गॅस कमी-जास्त करणारा. इंजिन गरम, रेस धरून ठेवलेली, स्क्रू आत घेत जायचा, आरपीएम पडला की थांबायचं, मग बाहेर घेत जायचा, पुन्हा पडला की त्या दोन जागांच्या मधोमध आणून लॉक करायचा. मग वेगळा आयडलचा स्क्रू.

एवढं करूनही एकच सिलेंडर ढिला वाटत असेल तर टॅपेट (व्हॉल्व उघडणारा भाग, त्याच्या आणि व्हॉल्वच्या मधला गॅप) आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) तपासा. गॅसवर व्हॉल्वची सीट झिजून व्हॉल्व वर सरकतो, टॅपेटचा गॅप कमी होत जातो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसतच नाही. तिथे स्क्रू पिळून काही होत नाही, आधी गॅप सेट करायचा आणि कॉम्प्रेशन तरीही कमीच आलं तर हेड उतरवावं लागतं.

पेट्रोलवरच मिसिंग आणि गॅसवर मस्त, हा प्रकारही असतो. गाडी वर्षानुवर्ष गॅसवरच पळवली की कार्बोरेटर सुकतो, जेट चिकटतात, पंपाचा डायफ्रॅम कडक होतो. यावर इलाज म्हणजे रोज सकाळी पेट्रोलवर स्टार्ट करून दोन-चार किलोमीटर न्यायची, मग स्विच मधल्या जागी (पेट्रोल आणि गॅस दोन्ही बंद) ठेवून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू द्यायचं आणि इंजिन अडखळलं की लगेच गॅसवर टाकायचं.