पायक्रीट

पायक्रीट : लाकडाचा भुसा किंवा लगदा पाण्यात कालवून गोठवलेला कणखर बर्फ. वजनाने साधारण १४ टक्के भुसा, बाकी पाणी. ब्रिटनच्या जेफ्री पाइक यांचे आडनाव आणि ‘काँक्रीट’ यांच्या जोडणीतून हे नाव आले.

साधा बर्फ ठिसूळ. लादीवर टोच्याचा घाव नेमका बसला की तडा थेट आरपार जातो. पायक्रीटमध्ये हाच तडा वाटेतल्या तंतूंपाशी अडतो. भिंतीच्या चिखलात भूस कालवतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय वरचा बर्फ वितळला की उरलेल्या भुशाचा थर साचतो आणि आत उष्णता शिरू देत नाही. लादी भुशात झाकून ठेवणाऱ्या बर्फवाल्याला यात नवल वाटणार नाही. त्याचा भुसा बाहेरून येतो, इथे तो आतूनच निघतो.

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकच्या मध्यापर्यंत किनाऱ्यावरची विमाने पोहोचत नव्हती आणि तिथे जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. त्यावर १९४२ मध्ये पाइक यांनी बर्फाची अजस्र विमानवाहू नौका सुचवली : लांबी सुमारे ६०० मीटर. त्यांचे वरिष्ठ लुई माउंटबॅटन (भारताचे पुढचे व्हाइसरॉय) यांनी ही ‘हबाकुक’ योजना उचलून धरली. भुशाचे मिश्रण मात्र पाइक यांचे नव्हे. ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हर्मन मार्क व त्यांच्या सहकाऱ्याने शोधले. चाचण्या मॅक्स पेरुट्झ यांनी लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालच्या शीतगृहात, गोठलेल्या मांसाच्या आडोशाला गुपचूप केल्या. पेरुट्झ यांना १९६२ मध्ये हिमोग्लोबिनवरील कामासाठी नोबेल मिळाले.

दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या १९४३ च्या क्वेबेक परिषदेत माउंटबॅटन यांनी दोन ठोकळ्यांवर पिस्तूल झाडले. साध्या बर्फाच्या ठिकऱ्या उडाल्या. पायक्रीटवरून गोळी उसळून परतली. ती कोणाच्या विजारीला चाटून गेली, याच्या कथा अनेक आहेत. कॅनडातील पॅट्रिशिया सरोवरावर त्याच वर्षी बांधलेली १८ मीटरची प्रतिकृती मात्र साध्या बर्फाची होती. ती पायक्रीटची होती असे सर्रास सांगितले जाते.

घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. तडा अडला तरी स्वतःच्या भाराखाली बर्फ हळूहळू ओघळतो, म्हणजे न वितळताही आकार सोडून पसरतो, आणि पायक्रीटही त्याला अपवाद नाही. आकार टिकवायचा तर ते उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. म्हणजे नौकाभर शीतयंत्रे, नळ्या आणि वर पोलादही. तोवर विमानांचा पल्ला वाढला होता. योजना गुंडाळली गेली.

फिनलंडमधील युका येथे २०१४ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांनी फुगवलेल्या कापडी फुग्यावर हे मिश्रण थराथराने फवारून ३० मीटर रुंद घुमट उभा केला. बांधकाम हिवाळ्यापुरतेच, म्हणून तिथे ओघळण्याचा जाच कमी.