बिल फ्रान्स (थोरले)

विल्यम हेन्री गेटी फ्रान्स (२६ सप्टेंबर १९०९ – ७ जून १९९२) : अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचे नियमन करणाऱ्या ‘नॅसकार’ या संस्थेचा संस्थापक आणि १९७२ पर्यंत तिचा सर्वेसर्वा. सहा फूट पाच इंच उंचीमुळे त्याला ‘बिग बिल’ म्हणत. मुलाचे नावही बिलच, म्हणून थोरले-धाकटे असा भेद करावा लागतो. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून विकत घेता येणारी साधी मोटार. आजच्या गाड्या खास शर्यतीसाठी बांधलेल्या असतात, पण सुरुवातीला घरची गाडी घेऊन लोक खरोखरच मैदानात उतरत.

फ्रान्स पेशाने मेकॅनिक. महामंदीच्या काळात पत्नी अ‍ॅन आणि लहानग्या बिलला घेऊन तो वॉशिंग्टन सोडून फ्लोरिडातल्या डेटोना बीचला आला आणि तिथेच स्थिरावला. ओहोटीच्या वेळी तिथली पुळण इतकी टणक आणि सपाट असे की वेगाचे जागतिक विक्रम तिच्यावर होत. १९३५ साली माल्कम कॅम्बेलने तिथे ताशी २७६ मैलांचा वेग गाठला, पण त्यानंतर विक्रमवीर युटा राज्यातल्या मिठाच्या मैदानांकडे वळले. गावाची वर्दळ टिकावी म्हणून नगरपालिकेने मार्च १९३६ मध्ये स्टॉक कार शर्यत भरवली. धावपट्टीची एक बाजू वाळूची, दुसरी किनाऱ्यालगतच्या डांबरी रस्त्याची. वळणांवर वाळू उखडली, गाड्या रुतल्या आणि पालिकेला मोठा तोटा झाला. फ्रान्स या शर्यतीत पाचवा आला. दोन वर्षांनी याच शर्यतीचे आयोजन त्याने एका स्थानिक भागीदारासह स्वतःच्या अंगावर घेतले.

त्या काळी हा धंदा बेभरवशाचा होता. शर्यत संपायच्या आत तिकिटांचा गल्ला घेऊन पसार होणारे आयोजक होते, गावोगावी नियम वेगळे आणि ‘राष्ट्रीय विजेते’ एकाच वेळी अनेक. दक्षिणेतले कित्येक चालक हातभट्टीची दारू रातोरात पोचवताना, पोलिसांना चुकवत गाडी हाणायला शिकलेले. १४ डिसेंबर १९४७ रोजी फ्रान्सने आयोजक, मेकॅनिक आणि चालकांना डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात जमवले. काही दिवस चर्चा झाली, त्यातून नॅसकार आकाराला आली आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी तिची रीतसर नोंदणी झाली. ती चालकांची संघटना किंवा क्लब नव्हती, ती खासगी कंपनी होती. फ्रान्सच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली या एका गोष्टीत आहे. नियम करणारा, शर्यत भरवणारा आणि पुढे मैदानाचा मालक हे तिघे एकाच घरातले झाले.

१९ जून १९४९ रोजी शार्लट इथे नॅसकारच्या तद्दन साध्या गाड्यांच्या मालिकेतली पहिली शर्यत झाली. ग्लेन डनअवे सर्वांत आधी पोचला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या आढळल्या. दारू वाहून नेणाऱ्या गाड्यांत ही युक्ती सर्रास केली जाई, म्हणजे भार भरूनही गाडीचा मागचा भाग बसत नसे. डनअवे बाद झाला आणि कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरला विजयी घोषित केले. गाडीच्या मालकाने दावा ठोकला, न्यायालयाने तो फेटाळला. नियम ठरवण्याचा संस्थेचा अधिकार पहिल्याच हंगामात असा शाबूत राहिला आणि त्याचे श्रेय फ्रान्सला द्यायलाच हवे. या कणखरपणाशिवाय हा खेळ जत्रेतल्या करमणुकीच्या पलीकडे गेला नसता.

पुळणीवर फार काळ भागणार नाही हे त्याने ओळखले होते. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर कर्ज काढून त्याने अडीच मैलांची डेटोना इंटरनॅशनल स्पीडवे उभारली. वळणे ३१ अंशांनी कललेली. त्यांच्या भरावासाठी मैदानाच्या मधोमध इतकी माती उपसली की तिथे तळे झाले. २२ फेब्रुवारी १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० शर्यतीत जॉनी बोशँपला आधी विजयी ठरवण्यात आले. छायाचित्रे आणि चित्रफिती तपासून तिसऱ्या दिवशी निकाल ली पेटीच्या बाजूने फिरवला. या वादाने वृत्तपत्रांत शर्यत तीन दिवस गाजत राहिली.

चालकांनी एकजूट करावी हे मात्र त्याला कधीच रुचले नाही. १९६१ साली कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी टीमस्टर्स या कामगार संघटनेच्या मदतीने चालकांची युनियन बांधायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघांवर आजन्म बंदी आली. टर्नरची बंदी १९६५ मध्ये उठली. १९६९ मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगाच्या नव्या मैदानावर, ताशी २०० मैलांच्या आसपासच्या वेगाला टायर टिकेनात. रिचर्ड पेटीच्या पुढाकाराने बहुतेक नामवंत चालक शर्यत सोडून निघून गेले. मैदान सुरक्षित आहे हे दाखवायला साठीला टेकलेल्या फ्रान्सने स्वतः फोर्ड घेऊन फेऱ्या मारल्या. पण त्याचा वेग चालकांच्या वेगापेक्षा बराच कमी होता आणि तक्रार टायरची होती, त्यामुळे त्या फेऱ्यांनी प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. १४ सप्टेंबरला उरलेल्या आणि दुय्यम मालिकेतल्या चालकांना घेऊन त्याने शर्यत पार पाडली. रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. फ्रान्सचे धैर्य आणि त्याचा हेका इथे एकाच प्रसंगात दिसतात. चालकांची भीती रास्त होती, हे प्रस्तुत लेखकाचे मत.

वंशभेदाच्या बाबतीत त्याच्या कारकिर्दीवर गडद डाग आहे. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल इथे कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट जिंकला, पण विजयी म्हणून बक बेकरचे नाव पुकारले गेले आणि करंडकही त्यालाच मिळाला. काही तासांनी स्कॉटचा विजय मान्य झाला, तोवर प्रेक्षक घरी गेले होते. त्याच्या कुटुंबाला करंडक २०२१ मध्ये देण्यात आला. वर्णविभाजनाचा कडवा पुरस्कर्ता, अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच्या अध्यक्षपदाच्या मोहिमेलाही फ्रान्सने उघड पाठिंबा दिला होता.

अ‍ॅन फ्रान्सचा उल्लेख बहुतेक ठिकाणी ओझरता येतो, ते अन्यायाचे आहे. हिशेब आणि तिकीटविक्री ती पाहत असे, पैशाचा मेळ तिच्यामुळे बसे.

१९७१ मध्ये टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली आणि आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचा पैसा विन्स्टन या ब्रँडच्या नावाने नॅसकारकडे वळला. पुढच्याच हंगामात मुख्य मालिकेतल्या शर्यती ४८ वरून ३१ वर आल्या. जानेवारी १९७२ मध्ये सूत्रे धाकट्या बिलकडे गेली. थोरल्या बिलचे लक्ष त्यानंतरही मैदानांच्या कारभारावर राहिले. जानेवारी १९९२ मध्ये अ‍ॅन आणि पाच महिन्यांनी तो निवर्तला. २०१० मध्ये नॅसकारच्या सन्मान दालनात दाखल झालेल्या पहिल्या पाच जणांत बापलेक दोघेही होते. धाकट्या बिलनंतर २००३ मध्ये नातू ब्रायन आणि २०१८ मध्ये थोरल्या बिलचा दुसरा मुलगा जिम प्रमुखपदी आले.