फाईल उघडी, पण दिंडीदरवाजा बंद

सीताबर्डीतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात लिनक्सच्या मशीनवर सगळ्यांचं मिळून एक फोल्डर आहे, असं धरू. नव्या असिस्टंटला ‘हिशेब’ ग्रुपमध्ये घातलं. फाईलवर ग्रुपला वाचायची-लिहायची मुभाही आहे. तरी पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’!

आधी तिच्याच लॉगिनमधून ‘आयडी’ ही कमांड चालवा. ग्रुपची यादी लॉगिन होतानाच ठरते. नंतर केलेला बदल चालू सेशनला कळत नाही. ग्रुप दिसत नसेल तर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचं. ग्रुपमध्ये घालणारी ‘यूजरमॉड’ कमांड वापरताना मोठ्या ‘जी’सोबत छोटा ‘ए’ राहून गेला, तर मुख्य ग्रुप सोडून तिचे आधीचे सगळे ग्रुप पुसले जातात.

ग्रुप दिसतोय, तरी अडतंय? मग वाट तपासा. महालातल्या जुन्या वाड्यात आतली खोली सताड उघडी असली, तरी दिंडीदरवाजा बंद असेल तर काय उपयोग? फोल्डरवरचा ‘एक्स’ म्हणजे तो दरवाजा ओलांडायची मुभा. वाटेतल्या एका जरी फोल्डरवर ती नसली, तरी आतली फाईल हाती लागत नाही. ‘नेमआय -एल’ या कमांडला फाईलचा पूर्ण पाथ (पत्ता) दिला की एकेका पायरीचा मालक, ग्रुप आणि परवानग्या ओळीने दिसतात. उबुंटूत २१.०४ पासून नवं होम फोल्डर, म्हणजे प्रत्येकाचं खासगी फोल्डर, ७५० परवानगीने बनतं; म्हणजे इतरांना काहीच मुभा नाही. त्यामुळे कुणाच्या तरी होममध्ये ठेवलेलं ‘सगळ्यांचं’ फोल्डर इतरांसाठी दाराबाहेरच राहतं.

हे आकडे असे वाचायचे: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, एक्सचा १; त्यांची बेरीज म्हणजे एक अंक. अंक मालक, ग्रुप, इतर या क्रमाने. कर्नल (लिनक्सचा गाभा) याच क्रमाने बघतो आणि पहिल्या लागू अंकावर थांबतो. म्हणून ०७० ची फाईल ग्रुपला उघडते, मालकाला नाही!

वैतागून फोल्डरला ७७७ देऊ नका. फाईल पुसायला फाईलवरची नव्हे, फोल्डरवरची लिहायची मुभा लागते. तिथं मग कुणीही कुणाचंही रिटर्न उडवू शकतो.

‘जुन्या फाईली उघडतात, नव्या नाही’ ही तक्रार वेगळी. नवी फाईल बनवणाऱ्याच्या मुख्य ग्रुपची होते. फोल्डरला पुढे २ जोडून २७७० दिलं की ती फोल्डरचा ग्रुप घेते. नव्या फाईलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा ‘यूमास्क’ ०२२ असेल तर फाईल ६४४ ने बनते, म्हणजे ग्रुपला नुसती वाचता येते. ००२ ठेवलं की ६६४. ‘एमव्ही’ या हलवायच्या कमांडने आत सरकवलेली फाईल मात्र जुनाच ग्रुप घेऊन येते. तिच्यासाठी ग्रुप बदलणारी ‘सीएचजीआरपी’ कमांड वेगळी चालवावी लागते.