धरमकाट्यावरचा जुना कॉम्प्युटर

जुने कॉम्प्युटर अजून कुठे राबतात हे पाहायचं असेल, तर नागपुरातल्या ऑफिसांत शोधू नका. ट्रक तोलणाऱ्या एखाद्या धरमकाट्याच्या केबिनमध्ये नाहीतर हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकवा. तिथे विंडोज एक्सपी ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम निवांत चालू असते, जिचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला. मालक कंजूष असेलही, पण खरं कारण कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीमागे आहे: ९ पिनांचा सिरियल पोर्ट आणि २५ छिद्रांचा पॅरलल पोर्ट, यंत्रं जोडायच्या या दोन खाचा नव्या कॉम्प्युटरवर सहसा नसतात.

सिरियल पोर्टचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. एका तारेवरून एकामागून एक बिट जातात. +३ ते +१५ व्होल्ट म्हणजे शून्य, −३ ते −१५ व्होल्ट म्हणजे एक. शून्य आणि एक यांच्यात एवढं अंतर असल्यामुळे आजूबाजूला मोटारी चालू असल्या तरी थोड्याफार गोंधळाने निरोप बिघडत नाही. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. ट्रकच्या वजनाचे पाच-सहा आकडे पाठवायला हा वेग रग्गड झाला. इथे नव्या कॉम्प्युटरला लावायचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर बहुतेक वेळा काम भागवतो. सीताबर्डीच्या बाजारात केबल घ्या, ड्रायव्हर टाका, झालं.

पॅरलल पोर्टचं तसं नाही. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीबरोबर तो प्रिंटरसाठी रूढ झाला, पण हौशी आणि कारागीर मंडळींनी त्याला भलत्याच कामाला जुंपलं. आठ डेटा पिना, प्रत्येकीवर ० किंवा ५ व्होल्ट. प्रोग्रामने ३७८ या हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) पत्त्यावर एक आकडा लिहिला की पिना लगेच बदलतात. मध्ये कोणी नाही. त्यामुळे सीएनसी राउटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या, स्टेपर मोटारींना (दर ठोक्याला एक पायरी फिरणाऱ्या) थेट ठोके देता येतात, सेकंदाला २५,००० पर्यंत. म्हणजे दर ४० मायक्रोसेकंदाला एक.

यूएसबी १.० आलं १९९६ मध्ये, आणि त्याची रीत वेगळी. उपकरण आपणहून बोलत नाही, कॉम्प्युटर विचारेल तेव्हाच उत्तर देतं. फुल-स्पीड यूएसबीवर हा कारभार एक-एक मिलिसेकंदाच्या चौकटीत चालतो. तेवढ्या वेळात राउटरला २५ ठोके हवे असतात, तेही समान अंतराने. ठोका चुकला की मोटर पायरी चुकते आणि लाकडावरची नक्षी सरकते. शिवाय बाजारातली यूएसबी-पॅरलल केबल स्वतःला प्रिंटर म्हणवते. ३७८ वर लिहिणाऱ्या जुन्या प्रोग्रामला ती दिसतच नाही. नव्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर बसवायचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड खरा पोर्ट देतं, पण सहसा दुसऱ्याच पत्त्यावर. प्रोग्राममध्ये पत्ता बदलण्याची सोय असेल तर ठीक, नाहीतर कार्ड परत खोक्यात.

म्हणून जुना डबाच सांभाळायचा. नागपूरचा मे महिना त्याचा वैरी. मदरबोर्डवरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं, आणि बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमधल्या डब्याचं काय होत असेल! पंख्यावरची धूळ काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्याहून नाजूक हार्डडिस्क. जुन्या आयडीई पद्धतीच्या जोडणीची डिस्क आता मिळणं कठीण. पण कॉम्पॅक्ट फ्लॅश या मेमरी कार्डाला आयडीईची भाषा येते, साध्या अ‍ॅडॉप्टरवर ते डिस्कच्या जागी बसतं. डिस्क धडधाकट असतानाच तिची पूर्ण नक्कल या कार्डावर करावी, आणि एखाद्या रविवारी मशीन बंद असताना त्या कार्डावरून कॉम्प्युटर खरंच सुरू होतो का, तेही पाहून घ्यावं. सुरक्षेचे अपडेट बंद असल्यामुळे इंटरनेटची वायर मात्र त्या कॉम्प्युटरला जोडू नये.